नाशिक-पुणे टनेल: प्लॅन दुप्पट, पिंग तेवढाच

नाशिकहून पुण्याला ताईकडे बॅकअप पाठवायची माझी मांडणी जुनीच आहे. इंदिरानगरला माझा मिनी पीसी, कोथरूडला ताईकडे रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि ४ टीबीची डिस्क, मधे वायरगार्ड, म्हणजे इंटरनेटवरून दोन्ही घरं जोडणारा खासगी बोगदा, टनेल. या खेपेला बदल एकच: दोन्हीकडचा प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएस.

वेग मोजणाऱ्या आयपर्फचा आकडा जवळपास दुप्पट झाला. पिंग, म्हणजे डेटाचं एक पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, १४ मिलिसेकंद होता, तो १४च राहिला. आणि ताईकडचं फोटोंचं फोल्डर सांबावरून (नेटवर्कवरून फाइली वापरायची सोय) उघडायला पूर्वीइतकाच वेळ घेतंय.

फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसरूटमध्ये दिसतं की आपलं पॅकेट सिन्नर-संगमनेरकडे वळतच नाही. आधी मुंबई, मग पुणे. ३२० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन सव्वातीन मिलिसेकंद. बाकीचे वळणावळणाची केबल, मधले राउटर आणि दोन्ही टोकांचं घरगुती फायबर खातं. प्लॅनचे जास्तीचे पैसे यातल्या कशालाच हात लावत नाहीत.

खात्रीसाठी दोन रास्पबेरी पाय टेबलावर जोडले आणि कृत्रिम उशीर घालणाऱ्या नेटेमने मुद्दाम ६० मिलिसेकंदांचा राउंड ट्रिप (जाऊन-येऊन वेळ) घातला. २,००० बारक्या फाइली, सगळ्या मिळून ४० एमबी. सांबावर प्रत्येक फाइल उघडा, लिहा, बंद करा, अशा पाचेक फेऱ्या होतात आणि एक संपल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. पाच गुणिले ६० गुणिले २,००० म्हणजे दहा मिनिटं. घड्याळही तेच म्हणालं. लिंक ५० वरून ५०० एमबीपीएस केली तर वाचले जेमतेम सहा सेकंद! तेच फोल्डर टार करून (सगळ्या फाइलींची एकच फाइल बांधून) एसएसएच या सुरक्षित जोडणीतून एका धारेत सोडलं, तर पाण्याचा घोट घेईपर्यंत पलीकडे.

याची दुसरी बाजूही आहे. पहिला फुल बॅकअप मी टनेलवरून पाठवलाच नाही, भरलेली डिस्क पिशवीत घालून पुण्याच्या बसमध्ये बसलो. ४ टीबी, पाच तास, म्हणजे पावणेदोन जीबीपीएसच्या वर. २०० च्या लाइनवर याला ४४ तास लागले असते. पिंगचं मात्र विचारू नका.

खरी कमाई बफरमध्ये, म्हणजे पॅकेटं थांबतात त्या रांगेत, निघाली. रात्रीचा बॅकअप अपलोड भरून टाकायचा तेव्हा पिंग १४ वरून १८० च्या पुढे जायचा, कारण पॅकेटं मोडेमच्या रांगेत उभी राहायची. आता मिनी पीसीवर केक (रांग आटोक्यात ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून अपलोड १८० एमबीपीएसवर बांधलाय. रांग माझ्या हातात आली, भरल्या लाइनवरही पिंग १७-१८. वीस एमबीपीएस सोडले, त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. अंबडच्या कारखान्यातला एक मित्र १० एमबीपीएसच्या लीज्ड लाइनवर (कंपनीपुरती राखीव लाइन) ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर, कसा झटकन चालतो ते सांगायचा, ते आता पटतं: छोटे व्यवहार, रिकामी रांग. मात्र फारच बारीक लाइन असेल तर वेगही पिंगमध्ये उतरतो. १,५०० बाइटचं पॅकेट २ एमबीपीएसवर नुसतं बाहेर पडायलाच ६ मिलिसेकंद घेतं. १०० वर हा खर्च नगण्य.

ताईची तक्रारही मिटली. "तुझा बॅकअप सुरू झाला की माझा कॉल अडखळतो रे," हे आता ऐकू येत नाही. रिस्टोअरची, म्हणजे बॅकअप परत आणायची, चाचणी उलट दिशेची आहे आणि तिच्या राउटरवर अजून केक नाही. तिथे ओपनडब्ल्यूआरटी (केक चालवू शकणारी राउटरची प्रणाली) बसेपर्यंत ती रात्री एकनंतरच.