तुम्ही विचारलंत म्हणून: सह्याद्रीच्या कातळाचं वय काढतात तरी कसं?

सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे लाव्हारस थिजून झालेला बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हे कशावरून? कार्बन डेटिंग केलं का?"

कार्बन डेटिंग इथे चालतच नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचं. साधारण ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय तो कार्बन सजीवाकडून आलेला लागतो: लाकूड, हाड, शंख. लाव्हारसात यातलं काहीच नाही.

लाव्हारसात असतं ते पोटॅशियम. त्याच्या दर दहा हजार अणूंत जेमतेम एक अणू पोटॅशियम-४० चा, म्हणजे किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. विघटन झालेल्या दर शंभर अणूंतले ८९ कॅल्शियम होतात आणि ११ च्या आसपास आर्गॉन-४०. कॅल्शियम दगडात आधीपासूनच भरपूर असतं, त्यामुळे नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कळत नाही. आर्गॉन मात्र वायू आहे. रस वितळलेला असेपर्यंत तो निसटून जातो आणि रस थिजला की स्फटिकांत कोंडला जातो. म्हणून आपण जे मोजतो ते दगड थिजल्यापासूनचं वय. प्रत्येक आकड्यामागे अशी एक घटना असते. ती कोणती हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मोजायचं किती, याचा अंदाज घ्या. एक किलो बेसॉल्टमध्ये पोटॅशियम समजा अडीच ग्रॅम. इतक्या वर्षांत त्यातून तयार झालेला आर्गॉन-४० भरतो सुमारे १ मायक्रोग्रॅम. उलट आपल्या भोवतालच्या फक्त एक मिलिलिटर हवेत त्याच्या बारा-तेरा पट आर्गॉन असतो! हवेचा हा भेसळीचा आर्गॉन वजा करायला आर्गॉनचाच हलका प्रकार, आर्गॉन-३६, कामी येतो. हवेत आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३६ यांचं प्रमाण २९८.५६ ला १ असं ठरलेलं आहे. नमुन्यात आर्गॉन-३६ जेवढा सापडेल, त्याच्या तितक्या पट आर्गॉन-४० हवेचा धरून काढून टाकतात.

जुन्या पद्धतीत नमुन्याच्या एका तुकड्यात पोटॅशियम मोजत आणि दुसऱ्यात आर्गॉन. दोन तुकडे अगदी सारखे नसले की उत्तर बिघडे. म्हणून आता नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर वेगवान न्यूट्रॉनचा मारा करतात. त्यात काही पोटॅशियम-३९ चं, म्हणजे साध्या पोटॅशियमचं, आर्गॉन-३९ होतं आणि पोटॅशियमचा हिशेबही आर्गॉनमधूनच मिळतो. न्यूट्रॉन किती बसले हे कळावं म्हणून शेजारी वय माहीत असलेलं खनिज ठेवतात. अमेरिकेतल्या कोलोराडोमधलं फिश कॅन्यन सॅनिडिन, वय सुमारे २ कोटी ८२ लाख वर्षं, हे त्यासाठी जगभर वापरतात. मग नमुना निर्वात भट्टीत किंवा लेझरखाली तापमान टप्प्याटप्प्यानं वाढवत तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला सुटलेला वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, मोजतात. लागोपाठच्या किमान तीन टप्प्यांत एकच वय आलं आणि त्यांत मिळून निम्म्याहून जास्त आर्गॉन-३९ असला, तरच ते वय ग्राह्य धरण्याची रीत आहे. मुंबईच्या आयआयटीत अशी प्रयोगशाळा आहे.

चूक मात्र यंत्राच्या कितीतरी आधी, दगड उचलतानाच होते. मुरमाकडे झुकलेला, तांबूस पडलेला दगड घेतला तर त्यातून आर्गॉन गळालेला असतो आणि वय कमी येतं. पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे खडे भरलेत, म्हणजे थर थिजल्यावर त्यातून पाणी खेळलंय, तोही नको. दाणा फार बारीक असेल तर अणुभट्टीत तयार होणारा आर्गॉन-३९ धक्क्यानं कणाबाहेर उडतो आणि त्या भागाचं वय उगाच जास्त दिसतं. म्हणून थराच्या मधला घट्ट, टणक भाग घ्यायचा, फोडून, दळून, चाळून त्यातले प्लॅजिओक्लेज या फिकट खनिजाचे स्वच्छ कण भिंगाखाली वेचायचे आणि सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्लानं धुवायचे. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

लोणारचं उदाहरण तर शिकण्यासारखंच आहे. तिथे अशनी आदळला तो जुन्या बेसॉल्टवर. आघातानं दगड वितळला खरा, पण सगळा जुना आर्गॉन निघून गेला असेलच असं नाही. जुन्या आर्गॉनचा फक्त एक टक्का मागे राहिला, तरी वयात साडेसहा लाख वर्षांची भर पडते. ही एकटी भरच विवराच्या वयापेक्षा मोठी ठरू शकते. औष्णिक प्रकाशाच्या पद्धतीनं (खनिज तापवल्यावर त्यातून निघणारा उजेड मोजून) लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. २०११ साली हा मागे राहिलेला आर्गॉन हिशेबात धरून आर्गॉन पद्धतीनं ते सुमारे ५ लाख ७० हजार आलं. मला हा दुसरा आकडा अधिक पटतो, कारण त्यात चुकीची मुख्य वाट ओळखून तिच्यावर उपाय केलेला आहे.

सह्याद्रीसाठी दुसरं घड्याळही आहे: झिरकॉन. हे खनिज तयार होताना युरेनियम आत घेतं आणि शिसं जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे आत सापडणारं शिसं युरेनियमच्या विघटनातून झालेलंच. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा नसतो. तो मिळतो दोन थरांमधल्या तांबड्या पट्ट्यांत, जिथे दुसरीकडून उडून आलेली ज्वालामुखीची राख साचली आहे. २०१९ साली एकाच वेळी दोन अभ्यास प्रसिद्ध झाले, एक झिरकॉनवरचा, दुसरा आर्गॉनवरचा. बहुतेक लाव्हा सुमारे दहा लाख वर्षांत ओतला गेला, यावर दोन्हींचं एकमत आहे. तो मोठ्या उमाळ्यांनी आला की बराचसा सलग, यावर मतभेद आहेत. डायनोसॉरच्या अंतात या लाव्हाचा वाटा किती, हा वाद याच मुद्द्यावर अडलेला आहे.

हेच पोटॅशियमचं घड्याळ मंगळावरही चाललं. २०१३ साली नासाच्या क्युरिऑसिटी गाडीनं गेल विवरातल्या चिखलदगडाची पूड तापवून वय काढलं: ४२१ कोटी वर्षं, अधिक-उणे ३५ कोटी. हे वय गाळ साचल्याचं नाही, तो ज्या खडकांतून झिजून आला त्यांचं आहे.

राहिला तुमच्या अंगणातल्या दगडाचा प्रश्न. त्यासाठी प्रयोगशाळा गाठू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर तुमच्या तालुक्याचा नकाशा पाहा. खालचा खडक कोणत्या गटातला ते त्यावर मिळेल. अभ्यासासाठी नमुना द्यायचाच असेल तर ताजा फोडलेला, दोनेक किलोचा घ्या. अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची तिथल्या तिथे लिहा, थराचा तळ आणि माथा दिसतो का तेही टिपा. नदीपात्रातला किंवा रस्त्याकडेचा सुटा धोंडा नको. तो कोणत्या थरातून आला हे कोणीच सांगू शकणार नाही.