साडेचार मिलिमीटर

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दातांची तार आवळून आले. चौदावी खेप. दातांच्या डॉक्टर मॅडमनी नेहमीसारखी स्टीलची छोटी पट्टी दातांना टेकवली आणि म्हणाल्या, "साडेचार." सुरुवातीला वरचे दात खालच्यांच्या नऊ मिलिमीटर पुढे होते. खुर्चीतच डोळे भरून आले माझे.

ओठ मिटायचे म्हणजे मला हनुवटी आवळावी लागायची. मग तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे उमटायचे. लग्नाच्या अल्बमपासून पतसंस्थेच्या ओळखपत्रापर्यंत प्रत्येक फोटोत ते आहेत. लोकांना दात दिसायचे, मला आधी ती हनुवटी दिसायची.

या मॅडमकडे येण्याआधी एका ठिकाणी सांगितलं होतं की पुढचे चार दात घासून बारीक करायचे, रूट कॅनाल करून कॅप बसवायच्या, पंधरा दिवसांत काम. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. या मॅडमनी एक्स-रे काढले, मापं घेतली, चेहरा बाजूने किती वेळ न्याहाळला आणि एवढंच म्हणाल्या, "दात चांगले आहेत हो तुमचे. जागा चुकलीय." चांगला दात कशाला कोरायचा? एकेचाळीस वर्षांत माझ्या दातांना कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

दात दिसतात पुढचे, पण काम चालतं मागे. वरच्या दोन उपदाढा काढून जागा केली. पहिले सहा महिने नुसते दात ओळीत आणण्यात गेले, पुढेपणा तसाच. मी धीर सोडत होते. मग दोन्ही बाजूंना हिरडीतून हाडात टायटॅनियमचे बारीक स्क्रू बसवले. दाढांना धरून पुढचे दात ओढले तर दाढाही पुढे सरकतात आणि केलेली जागा वाया जाते. स्क्रू सहसा जागचा हलत नाही, म्हणून त्याला धरून ओढायचं. दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड विरघळतं, मागे नवं भरत येतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. "जरा जोरात ओढा ना," असं मी एकदा म्हटलं, तर त्यांनी समजावलं की जोर वाढवून वेग वाढत नाही, मुळं मात्र झिजू शकतात.

सासूबाई म्हणतात, "या वयात कशाला गं?" त्यांच्यावर राग नाही. पण दिसण्याचं दुःख वय बघून थांबत नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं.

तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वर्षानुवर्षं लावावा लागणार, दात जुन्या जागी जायला बघतात म्हणे. लावेन.

आता सगळं ठणकतंय. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मघाशी दिवसाचा हिशेब लिहिताना समोरच्या कपाटाच्या काचेत सहज लक्ष गेलं. ओठ मिटलेले होते, आणि हनुवटी अगदी सैल.