मोडीत न गेलेला डबा

ब्रिटनमध्ये उन्हाळ्यातला कोरडा दिवस मिळाला की तो समुद्रकिनाऱ्यावर घालवावा, असा संकेत आहे. आम्ही मात्र तो रांगेत घालवला. बीबीसीचा ‘अँटिक्स रोडशो’ जवळच्या एका जुन्या सरदारी वाड्याच्या हिरवळीवर येणार होता, प्रवेश मोफत होता आणि सोडतीत आमचे नाव लागले होते. १९७७ साली हेरफर्डच्या टाउन हॉलमध्ये या कार्यक्रमाचे पहिले चित्रीकरण झाले आणि १९७९ पासून तो प्रक्षेपित होऊ लागला. लोकांनी घरातली जुनी वस्तू आणावी, तज्ज्ञाने तिचा इतिहास उलगडावा आणि अगदी शेवटी किंमत सांगावी, हा परिपाठ आजही तसाच चालू आहे.

आत शिरताच पिशवी उघडावी लागते. तिथले जाणकार चिनी माती, दागिने, घड्याळे, पुस्तके अशी वर्गवारी करून प्रत्येकाला त्या त्या टेबलाकडे धाडतात, आणि जे कुठेच बसत नाही ते ‘किरकोळ’मध्ये जाते. आमची रवानगी तिथेच झाली आणि सर्वांत लांब रांगही तिथेच होती. एरवी शेजाऱ्याशी हवामानापलीकडे न बोलणारी ही माणसे या रांगेत मात्र परक्याच्या हातात आजीची चहाची किटली देऊन मोकळी होतात. ‘आम्हाला विकायची नाही हं, सहज माहिती हवी होती,’ असे जो तो सांगत होता, मीही सांगितले, आणि कोणाचाच कोणावर विश्वास बसला नाही. कारण १९९० साली नॉर्दॅम्प्टनमध्ये आलेल्या मातीच्या घुबडाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ते सतराव्या शतकातले निघाले, कार्यक्रमातले चिनी मातीचे तज्ज्ञ हेन्री सँडन यांनी त्याची किंमत वीस हजार पौंडांच्या घरात सांगितली आणि आता ते स्टोक-ऑन-ट्रेंटच्या संग्रहालयात आहे.

वस्तू खरोखरच मोलाची असली की तज्ज्ञ एकाएकी मितभाषी होतात, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. मालकाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य खरे दिसावे म्हणून कॅमेरा सुरू होईपर्यंत किंमत गुलदस्त्यात ठेवली जाते. आमच्या पुढच्या आजीबाईंच्या किटलीपाशी तज्ज्ञ गप्प झाले, तेव्हा रांगेत जी कुजबुज झाली तीत कौतुक किती आणि असूया किती, हे मला सांगता येणार नाही.

आमच्याशी मात्र ते भरभरून बोलले, त्यावरूनच मी काय ते ओळखले. माझ्या आजेसासूबाईंचा पितळी डबा त्यांनी उपडा केला, बुडावरचे ठोक्यांचे वण बोटाने चाचपले आणि आतला पांढुरका थर कसला, असे विचारले. मी कल्हईची सगळी हकीकत सांगितली: भाता, नवसागराचा धूर, तापलेल्या भांड्यात फिरणारा कापसाचा बोळा. मग त्यांना झाकणावरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरे दिसली. ‘मामांकडून, सन १९३४’ असे मी वाचून दाखवल्यावर त्यांनी ते कोण, कुठले, लग्नात दिला का, असे एकामागून एक विचारले. (तो आणखी जुना, शंभरी ओलांडलेला असता, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे भारताबाहेर आणताच आला नसता.) शेवटी ‘लिलावात तीस-चाळीस पौंड,’ असे त्यांनी जवळजवळ माफी मागितल्यासारखे सांगितले.

मला त्या आकड्यापेक्षा त्यांच्या प्रश्नांचे नवल वाटले. याच डब्याची भावंडे, म्हणजे हंडा, कळशी आणि बंब, घरात स्टील आल्यावर मोडीत गेली. त्यांच्यावरही नावे होती, पण मोडवाल्याच्या तराजूत ती पितळेच्याच भावाने तोलली गेली, आणि ते मामा कोण हे आमच्यापैकीही कोणी तेव्हा विचारले नाही. रोडशोच्या टेबलावर नेमकी ही कोरलेली ओळच वस्तूचे वजन वाढवते; मालकांची साखळी लागली की साध्या घड्याळालाही भाव येतो. मला हा हिशेब अधिक न्यायाचा वाटतो, जरी त्यातही शेवटी पौंडच मोजले जातात.

पुढे कित्येक महिन्यांनी एका रविवारी संध्याकाळी तो भाग लागला. किटलीवाल्या आजीबाईंनी आकडा ऐकून पर्स घट्ट धरली आणि ‘आम्हाला विकायची नाही,’ हे आता अगदी खरे वाटेल अशा सुरात म्हटले. त्यांच्या मागच्या गर्दीत आम्ही होतो, पण पाठमोरे. दुसऱ्या दिवशी पुण्याहून नणंदबाईंचा फोन आला आणि त्यांनी आधी डब्याचा भावच विचारला. मी रुपयांत हिशेब करून सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, एवढ्यात तर तुळशीबागेत नवा कोरा येईल!’