तुम्ही विचारलंत म्हणून: घरपट्टी का वाढवली?

लग्नात, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, कुठेही भेट झाली तरी तुम्ही एकच विचारता: "वरून एवढा निधी येत होता, तरी नगराध्यक्ष असताना तुम्ही घरपट्टी का वाढवलीत?" आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देत आले आणि तुमचे समाधान झाले नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

१९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेली आणि तिच्या बदल्यात राज्याचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून बाजारपेठ कितीही वाढली तरी त्या वाढीतून नगरपरिषदेच्या तिजोरीत आपोआप काही पडत नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा हिशेब २०११ च्या जनगणनेवर झाला, म्हणजे त्यानंतर वसलेल्या वसाहतींतली माणसे त्यात धरलेलीच नव्हती. शहरांच्या पाणीपुरवठ्यासारख्या कामांसाठीची केंद्राची २०१५ ची अमृत योजना मुख्यतः लाखावर लोकसंख्येच्या शहरांसाठी होती. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात लहान शहरेही आली, परंतु स्वहिस्सा भरावाच लागतो, आणि टाकी उभी राहिल्यावर पंपाचे वीजबिल, तुरटी, व्हॉल्व्हमनचा पगार हा खर्च वर्षानुवर्षे आपल्यालाच करायचा असतो. त्याला घरपट्टी आणि पाणीपट्टीखेरीज भरवशाचा मार्ग मला दिसला नाही.

तुम्हाला आठवत असेल, माझ्या काळातल्या वाढीच्या आधीच्या चतुर्थ वार्षिक आकारणीच्या वेळी, म्हणजे घरपट्टी दर चार वर्षांनी नव्याने ठरते तेव्हा, वाढीविरुद्धच्या हरकतींचे अर्ज मीच छापून घरोघर वाटले होते. आधी बड्या थकबाकीदारांकडून वसुली करा, मग इतरांकडे वाढ मागा, हे माझे तेव्हाचे म्हणणे आजही मला चुकीचे वाटत नाही. पदावर आल्यावर ती वसुली मलाही पुरती जमली नाही, हे मान्य करते.

पण मला सलते ते निराळेच.

माझ्या काळातल्या वाढीवरच्या हरकतींच्या सुनावणीला मी दिवसभर बसले होते. दुपारनंतर नव्या वसाहतीतले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी टेबलावर घरपट्टीच्या पावत्या वर्षवार लावून ठेवल्या आणि शेजारी एक छोटी वही उघडली. त्यात टँकरच्या तारखा होत्या; मार्चपासून जूनपर्यंतची पाने बारीक अक्षरांत गच्च भरलेली, आणि प्रत्येक नोंदीपुढे दिलेली रक्कम. ते म्हणाले, "ताई, वाढ भरायला माझी ना नाही. नळ कधी येणार, तेवढं सांगा."

पाणीयोजनेचे सर्वेक्षण त्यांचा लेआउट मंजूर होण्याआधी झाले होते. आराखड्यातली वितरण वाहिनी त्यांच्या अलीकडच्या रस्त्यावरच थांबत होती, आणि तो नकाशा माझ्या पाहण्यातला होता. तरीही मी म्हणाले, "काका, योजना मंजूर झाली आहे." त्यांनी माझ्याकडेच पेन मागितले, अर्जाच्या तळाशी "हरकत मागे घेत आहे" असे लिहिले, सही केली, पावत्या त्याच क्रमाने पिशवीत भरल्या आणि नमस्कार करून गेले.

मी खोटे बोलले नव्हते, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावले. परंतु माझ्या उत्तरातून त्यांनी काय घेतले, ते त्यांच्या सहीवरून मला त्याच क्षणी कळले होते, आणि मी त्यांना थांबवले नाही.

त्या वसाहतीसाठी वाढीव वाहिनीचा प्रस्ताव मी नंतर पाठवला. माझी मुदत संपेपर्यंत त्याला मंजुरी आली नाही. टाकी झाली, जुन्या गावात पाणी रोज येऊ लागले, आणि वाढीव पट्टी मात्र दोन्हीकडे लागू झाली. वाढ केली नसती तर ती टाकी चालवता आली नसती, यावर मी आजही ठाम आहे. नळ नसलेल्या घरांना निदान वाहिनी पोहोचेपर्यंत वाढीतून वगळावे, असा ठराव मी सर्वसाधारण सभेपुढे आणू शकले असते. तो आणला तर कोणकोणत्या वसाहती आराखड्यात नाहीत, हे सभेत वाचून दाखवावे लागले असते, आणि तेवढ्यासाठी मी तो विषय घेतला नाही.