तुम्ही विचारलंत म्हणून: उच्चार मराठीत का लिहून देत नाही?

"मॅडम, उच्चार मराठीत लिहून द्या ना, घरी पाठ करू." बडोद्यात मोठ्यांना इंग्रजी शिकवताना ही मागणी चुकत नाही. मी लिहून देत नाही, आणि तो आडमुठेपणा समजला जातो.

जहाजाचं 'शिप' आणि मेंढीचं 'शीप' घ्या. वेलांटी बदलली की काम झालं? 'विष', 'गुण' आपण ऱ्हस्व लिहितो आणि म्हणतो 'वीष', 'गूण'. अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इ-उ लांबवायची मराठी जिभेला सवय आहे. कागदाला ती जुमानत नाही. शिवाय नुसती लांबी बघून भागत नाही. इंग्रजीत ट, प, क यांच्या आधी स्वर आखडतो. बसायच्या 'सीट'मधला ई बियाण्याच्या 'सीड'मधल्यापेक्षा बराच तोकडा. मात्रा मोजणारा इथे फसतो. खरा फरक जिभेच्या जागेचा.

म्हणून आधी कान. मी तोंडापुढे वही धरून जोडीतला एक शब्द म्हणते. तुम्ही एक किंवा दोन बोटं दाखवायची. दहात नऊ बरोबर येईपर्यंत बोलणं बंद. (फी बोलायची भरली, ऐकायची नाही, हेही ऐकून झालंय.) मग मोबाइलचा सेल्फी कॅमेरा समोर. ओठ ताणून 'ई' धरा, आवाज न तोडता 'ए'कडे सरका आणि 'ए' लागायच्या जरा आधी थांबा. ओठ सैल, जबडा किंचित खाली. जहाज तिथे सापडतं. सुरुवातीला बरेच जण घसरून थेट 'शेप'वर जातात. त्यांनी 'ए'पासून उलटं वर यायचं. सुट्या शब्दात जमलेलं वाक्यात पुन्हा सुटतं, कारण लक्ष अर्थाकडे जातं. त्यासाठी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर आपलाच कान आपल्याला माफ करतो.

'ॲ' तरी मराठीत लिहून दाखवता येतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. 'बॅट', 'बॅग' देवनागरीत नीट उतरतात. पण बडोद्यात आपण गुजराती पाट्या वाचत वाढलो. तिथे अक्षरावरचा चंद्र (ॅ) बरेचदा गळतो, 'हॉल'चा 'होल' होतो, आणि 'स्नॅक्स'चे 'स्नेक्स', म्हणजे साप.

कॅनडाला निघालेल्यांना वेगळी धास्ती असते. आयेल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीतल्या बोलण्याच्या परीक्षेत चार निकषांपैकी एक उच्चार आहे, पण मराठी वळणाचे गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, बस.

तरी कागद हवाच असेल तर शब्दकोशातली उच्चाराची चिन्हं आहेत. ब्रिटिश उच्चारांच्या रूढ मांडणीत स्वर 20. नातवाशी बोलायला म्हणून साठीत वर्गाला येणाऱ्यांना ती पाठ करायला लावावीत का, यावर मात्र माझं अजून एकमत नाही, माझ्याशीच.