देठासकट ऑक्टोबर

आपल्या हाताला फूल देठाशिवाय खुडायची सवय असते. जास्वंद, मोगरा, अनंत, परडीत पडतं ते नुसतं फूल. ते देवाला वाहायचं, नाहीतर दोऱ्यात ओवायचं, देठाचं तिथे काय काम? वेल्समधल्या कार्डिफमध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या बागेत आधीच्या मालकांनी लावलेले डेलिया आयते मिळाले आणि शेजारच्या वेल्श आजींनी कुंपणापलीकडून पहिला धडा दिला: फूल बघू नकोस, देठ बघ. हातभर लांब देठ धरायचा आणि खाली जिथे पानांची जोडी असेल, तिच्या जरा वर कात्री चालवायची. सोबत दोन-तीन कळ्याही जातात आणि जीव हळहळतो. पण त्याच पेरातून नवे फुटवे येतात. डेलियाची फुलं जितकी कापाल तितकं झाड फुलत राहतं. न कापता तशीच ठेवली तर ते बी धरायच्या मागे लागतं.

आईला हे पटत नाही. ‘‘अरे, कळ्या कशाला कापतोस? आणि तिन्हीसांजेला?’’ व्हिडिओ कॉलवर तिला मागचा अंधार दिसला होता. इथले बागकामवाले सांगतात, पहाटे कापा किंवा उन्हं उतरल्यावर, कारण दुपारी पानांवाटे पाणी उडून देठ मलूल झालेला असतो. झाडं झोपल्यावर त्यांना हात लावायचा नाही, हे आईचं शास्त्र. म्हणून आता सकाळीच कापतो. ऑक्टोबरच्या मध्याला इथे साडेसातच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे यात लवकर उठण्याचा पराक्रम काही नाही.

या दिवसांत बागेत फुलतं त्यातलं बरंचसं मूळ मेक्सिकोकडचं आहे: डेलिया, झिनिया, कॉसमॉस, आणि हो, आपला दसऱ्याचा झेंडूसुद्धा. ही मंडळी उन्हाळाभर अंगात भरतात, उशिरापर्यंत फुलतात आणि फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडला की एका रात्रीत काळी पडतात. झेंडू मी दसऱ्याच्या तोरणासाठी कुंड्यांमध्ये लावतो. जमिनीत लावला तर गोगलगायी रोपांचे नुसते दांडे ठेवतात.

डेलियांमधला एक मात्र अगदी गाववाला आहे. ‘बिशप ऑफ लॅन्डाफ’ ही जात १९२० च्या दशकात इथेच, कार्डिफमध्ये, तयार झाली. लॅन्डाफ हा शहराचाच एक भाग. लालभडक फूल आणि जवळजवळ काळपट पानं. फुलदाणीत फूल नसलं तरी नुसत्या पानांवर भागतं, इतकी ती देखणी.

कधी कापायचं, हे फुलागणिक वेगळं. डेलियाची कळी पाण्यात ठेवून उमलत नाही, त्यामुळे फूल जवळपास पूर्ण उघडलेलं हवं. उलटं करून मागच्या पाकळ्या बघायच्या. त्या कागदासारख्या झाल्या असतील तर ते झाडावरच राहू द्या. (बघताना हलकेच झटका. पाकळ्यांत चिमटेवाले तपकिरी किडे दडलेले असतात आणि ते नेमके जेवणाच्या टेबलावर बाहेर येतात.) झिनियाचा देठ फुलाच्या वीतभर खाली धरून हलवायचा. मान डुलली तर अजून कच्चं. कॉसमॉस मात्र उमलण्याच्या बेतात असतानाच घ्यायचा.

आता मांडणी. पुण्यात बुके म्हणजे ओळीनं जरबेरा, मागे ग्लॅडिओलस, वर कचकचणारा कागद. मला तो कधीच आवडला नाही, पण त्याला उत्तर सापडलं ते इथे. उत्तर म्हणजे अर्धं सामान फुलांचं नसतंच. आधी हायड्रेंजियाचे दोन गेंद. ऑक्टोबरपर्यंत त्यांचा निळा रंग उतरून हिरवा-जांभळट झालेला असतो आणि त्यांच्या दाटीत बाकीचे देठ आपोआप अडकून उभे राहतात. मग रानगुलाबाच्या लाल बोंडांची फांदी, एका बाजूला झुकलेली. मग डेलिया, सगळे एका उंचीवर नकोत आणि एखाद्यानं तरी पाठ फिरवलेली हवी. शेवटी बी धरलेल्या शेपूचे तुरे. भाजीसाठी पेरलेला शेपू निबर झाला की फुलदाणीत जातो. याला मोठा आधारही आहे: १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलं ज्यांनी सजवली, त्या कॉन्स्टन्स स्प्राय फुलांच्या जोडीला केलची पानं खुशाल वापरत. केल म्हणजे कोबीचाच भाऊ.

देठ उभे राहायला फुलवाले हिरवा स्पंज वापरतात. तो प्लॅस्टिकचा, कुजत नाही. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकाम संस्थेनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो हद्दपार केला. मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी चुरगळून आजीच्या पितळी तांब्यात बसवतो. तांब्या जड, कलंडत नाही.

बाकी सगळं स्वच्छतेचं. पाण्याखाली एकही पान नको, ते कुजतं आणि जंतूंनी देठाचं तोंड बुजतं. एक दिवसाआड पाणी बदलायचं, देठ बोटाच्या पेराएवढा पुन्हा छाटायचा. हीटर आणि केळ्यांपासून लांब ठेवायचं, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूनं फुलं लवकर म्हातारी होतात. एवढं करूनही डेलिया चार-पाच दिवसच.

समुद्र जवळ असल्यामुळे आमच्याकडे फ्रॉस्ट कधी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबतो. तो आला की डेलियाची खोडं वीतभर ठेवून छाटतो आणि कंदांवर पालापाचोळ्याची जाड गादी घालतो. थंड प्रदेशात कंद उकरून घरात ठेवावे लागतात, इथे बहुतेकदा निभावतं. नंतर उरते ती शेवंती. रात्री मोठ्या झाल्या की ती कळ्या धरते, थोडीफार थंडी सोसते आणि कापल्यावर दोन आठवडे सहज टिकते. दिवाळी उशिरा आली तर फराळाच्या टेबलावर शेवंती, लाल बोंडं आणि आयव्ही एवढ्यावरच काम भागवतो. आयव्ही शेजारच्या आजी देतात, शेवंतीच्या बदल्यात. तशी ती आयव्ही कुंपण चढून माझ्याकडे केव्हाच आलेली असते, पण शेवंती मागायला त्यांना काहीतरी निमित्त हवं असतं.