पहिली पसंती, दुसरी पसंती

20 मे 2025 ला जयंत नारळीकर गेले आणि पुढच्या चार-पाच दिवसांत आमच्या वाचनालयातला त्यांचा कप्पा रिकामा झाला. ‘यक्षांची देणगी’ची दोनदा बांधणी केलेली जुनी प्रत, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, सगळं बाहेर. वसमतमध्ये मी ग्रंथपाल म्हणून बसते. एका लेखकासाठी लोकांनी नंबर लावलेले मी क्वचितच पाहिलेत. रविवारी संध्याकाळी श्रद्धांजली सभा घ्यायची असं कार्यकारी मंडळानं ठरवलं. फोटो, हार, दोन भाषणं, चहा. बेत एवढाच होता.

पहिल्या वक्त्यांनी बोलण्याच्या ओघात सांगितलं की नारळीकरांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. मागच्या रांगेतून बीएस्सीला असलेली एक मुलगी उभी राहिली.

“सर, कोणत्या पुस्तकाला?”

“2014 साली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ला. आत्मचरित्र आहे.”

“म्हणजे कादंबरीला नाही.”

“नाही.”

“काहून नाही, पण?”

तिथून पुढे सभा आमच्या हातात राहिली नाही, आणि ते फार बरं झालं.

गणिताचे एक निवृत्त गुरुजी आमचे सर्वांत जुने वर्गणीदार. ते म्हणाले, “बाई, नारळीकरांबद्दल आदर आहे म्हणूनच बोलतो. विज्ञानकथा ही विज्ञान समजून सांगायची युक्ती आहे. तीत कल्पना मोठी असते, माणूस लहान असतो. साहित्याचा पुरस्कार माणसासाठी असतो.” हे त्यांनी हेटाळणीनं म्हटलं नव्हतं. नारळीकरांची बहुतेक पुस्तकं त्यांनी आमच्याकडूनच नेऊन वाचली आहेत.

मुलगी बसली नाही. तिनं 1974 ची गोष्ट काढली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं उलटी केली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतली. आणि पहिला नंबर आला. “तेव्हा परीक्षकांना शास्त्रज्ञ कुठं दिसत होता, गुरुजी? कथाच दिसत होती ना?”

गुरुजींनी मान डोलावली. पण कथा वेगळी आणि कादंबरी वेगळी, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

मग एकेकानं आपापलं पुस्तक पुढे करायला सुरुवात केली. औंढ्याकडचे एक शेतकरी बाजाराच्या दिवशी येऊन दोन पुस्तकं नेतात. त्यांचं मत ‘वामन परत न आला’. कारण विचारलं तर ते म्हणाले, “जमिनीखाली खोदताना पेटी सापडते, ती कुण्या जुन्या पण आपल्यापेक्षा पुढं गेलेल्या लोकांची. त्यातल्या ज्ञानातून यंत्रमानव उभा राहतो आणि मग तो आवरंल का नाही याची भीती. आमच्या दुधाळ्याजवळ लायगो होणार म्हणायलेत. चार-चार किलोमीटरचे दोन हात, काटकोनात. आधी मला ते सगळं गोष्टीतलंच वाटायचं. ‘वामन’ वाचल्यावर म्हणलं, आपल्याच शिवारात होऊ शकतंय की हे.”

इथे मला मध्ये बोलल्याशिवाय राहवलं नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या या वेधशाळेला केंद्रानं 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि 2023 मध्ये 2600 कोटींचा खर्च मंजूर केला. दूर कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी लाट उठते, ती मोजायचं हे यंत्र. त्या लाटेनं चार किलोमीटरच्या हाताच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. ज्या माणसानं ‘कृष्णविवर’ नावाची मराठी कथा लिहिली, त्यानंच पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली आणि ती आयुका आज या प्रकल्पात आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला विज्ञान कादंबरी परकी वाटते असं म्हणणाऱ्यांनी एकदा औंढ्याला यावं.

आडतीवरचे मुनीम तोपर्यंत गप्प होते. अवकाळीनं हळद भिजल्यामुळे बाजार बंद होता, म्हणून ते आलेले. त्यांनी सुबोध जावडेकरांच्या ‘आकांत’चं नाव घेतलं. भोपाळच्या वायुकांडावरची कादंबरी. दोघा-तिघांनी हरकत घेतली, जे 1984 मध्ये घडूनच गेलं ती विज्ञान कादंबरी कशी? मुनीम म्हणाले, “मॅडम, टाकीत पाणी शिरतं, वायू तापतो, बाहेर पडतो आणि झोपलेलं गाव मरतं. यात विज्ञान नाही तर काय आहे? परग्रहावरचा माणूस आला तरच विज्ञान का?” याला कुणाकडेच चटकन उत्तर नव्हतं.

शेवटी कुणीतरी ‘उद्या’ म्हणालं आणि वाद खरा पेटला.

नंदा खरे यांच्या या कादंबरीला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. समाजानं आपल्याला भरपूर दिलंय, चार वर्षांपासून आपण पुरस्कार घेणं थांबवलंय, असं त्यांनी सांगितलं होतं. पुढे जुलै 2022 मध्ये ते गेले. पण ‘उद्या’ ही विज्ञान कादंबरी आहे, असं आमच्या वाचनालयात तोवर कुणी म्हटलंच नव्हतं. नावातच उद्या आहे. माणसावर पाळत ठेवणारी यंत्रणा, माहितीचा बाजार, कंपन्यांच्या हातात गेलेला कारभार, मुलींची घटलेली संख्या आणि त्यातून सडत गेलेला समाज, हे सगळं तिच्यात आहे. आजचं तंत्रज्ञान आणि आजच्या सवयी थोड्या पुढे नेल्या तर काय होईल, हाच तिचा प्रश्न. मुलगी म्हणाली, “मग विज्ञान कादंबरी म्हणजे आणखी काय असतं?”

एक जण म्हणाले, तसं असेल तर प्रश्नच मिटला, पुरस्कार मिळून गेला. दुसरे म्हणाले, घेतलाच नाही तर मिळाला कसा? गुरुजी म्हणाले, मिळाला तो कादंबरीला, विज्ञानाला नव्हे.

चहा झाला, बरेच जण उठले. चोवीस जण थांबले. मुलीनं सुचवलं, आपणच मत घेऊ, ह्युगोसारखं. विज्ञानकथेचा हा जगातला मोठा पुरस्कार 1953 पासून दिला जातो आणि तो परीक्षक नव्हे, तर जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद म्हणजे वाचकच मतानं ठरवतात. अकादमीकडे भाषेमागे तीन परीक्षक, इकडे वर्गणी भरणारा प्रत्येक वाचक. 2015 मध्ये तो लिऊ त्सिशिन यांच्या चिनी कादंबरीला इंग्रजी अनुवादावरून मिळाला, हे तिनं सांगितलं तेव्हा शेतकरी काका म्हणाले, “मग मराठीला कुणी अडवलंय?”

पद्धत अशी की एकच नाव लिहायचं नाही, पसंतीचा क्रम लावायचा. सर्वांत कमी पहिल्या पसंतीचं पुस्तक बाद होतं आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीला जातात. निम्म्याहून जास्त मतं एकाकडे जमेपर्यंत हे चालतं. शिवाय ‘कुणालाच नाही’ असंही लिहिता येतं. ते ऐकून गुरुजी खूश झाले.

जुन्या तालिकेची कोरी कार्डं माझ्याकडे खोक्यात पडून होती. तीच वाटली. गुरुजींनी चष्मा वर सरकवून, हाताआड कार्ड धरून लिहिलं. मुनिमांनी चारही नावांपुढे आकडे टाकले आणि त्यांना हिशेबाच्या वहीत मारतात तशी खाली दुहेरी रेघ मारली. मी टेबलावर पाच गठ्ठे लावले आणि मोठ्यानं वाचत गेले.

पहिली पसंती अशी निघाली: ‘वामन’ 9, ‘उद्या’ 7, ‘आकांत’ 4, ‘प्रेषित’ 3, कुणालाच नाही 1. त्या एका कार्डावर दुसरी पसंतीच नव्हती, ते बाजूला गेलं. मग ‘प्रेषित’ बाद. मला वाटलं होतं नारळीकरांची मतं नारळीकरांकडेच जातील. तसं झालं नाही. तीनपैकी दोन ‘उद्या’कडे आली, एक ‘वामन’कडे. ‘वामन’ 10 आणि ‘उद्या’ 9. आता सगळं ‘आकांत’च्या चार कार्डांवर. मुनीम उठून टेबलाशी आले. पहिलं ‘उद्या’, दुसरं ‘वामन’, तिसरं ‘उद्या’, चौथं ‘उद्या’. 12 विरुद्ध 11.

पहिल्या मोजणीत मागे असलेली कादंबरी जिंकली हे काहींना पटलं नाही, त्यांनी पुन्हा मोजायला लावलं. मोजलं. तेच आलं.

माझीही पहिली पसंती ‘उद्या’च होती आणि त्याचं कारण मी तिथे सांगितलं. नारळीकरांच्या कादंबरीत कल्पना अशी झेप घेते की वाचक मागे धावत सुटतो. मात्र अधूनमधून लेखक थांबून समजावून सांगतो. ‘उद्या’ समजावत बसत नाही, त्या जगात नेऊन सोडते. पण नारळीकरांनी पन्नास वर्षांपूर्वी वाट पाडली नसती तर मराठी वाचक ‘उद्या’पर्यंत सहज पोचला असता असं मला वाटत नाही. म्हणून माझी दुसरी पसंती ‘वामन’ होती. ‘वामन’च्या प्रतीतली तारीखचिठ्ठी मी सगळ्यांना दाखवली. एकावर एक चिकटवून जाड पुठ्ठा झालाय तिचा. कुठल्या समितीनं नोंद घेवो न घेवो, लोकांनी घेतलेली आहे.

आणि एक गोष्ट मला त्या दिवशी नीट बोलता आली. आमच्याकडे पूर्वीपासून नारळीकर, जावडेकर ‘विज्ञान’च्या कपाटात आहेत, खतांच्या आणि खगोलशास्त्राच्या पुस्तकांशेजारी. नंदा खरे मात्र ‘कादंबरी’त. ‘ययाति’, ‘स्वामी’ ज्या कपाटात आहेत तिथे ‘वामन’ आणि ‘आकांत’ कधी उभेच राहिले नाहीत. मग कादंबऱ्यांची गोष्ट निघाली की कुणाच्या डोळ्यांसमोर ते येणार कसे? गुरुजींचा आक्षेप मला पूर्ण चूक वाटत नाही, पण त्यातला निम्मा कपाटानं घडवलेला आहे.

सोमवारी कार्यवाहांची परवानगी घेऊन ही पुस्तकं ‘कादंबरी’त हलवली, रजिस्टरला तशी नोंद केली. ‘उद्या’ची प्रत एकच आणि मागणी वहीत तिच्यासाठी सहा नावं. पहिलं नाव गुरुजींचं. अनुदानातून होणाऱ्या खरेदीच्या यादीत तिच्या तीन, ‘आकांत’च्या दोन आणि ‘वामन’ची एक नवी प्रत टाकली आहे.